ट्रिपल ई की ईसी? दोन्हींत ‘इलेक्ट्रॉनिक्स’, पण काम वेगळं

कोल्हापूरचे पाहुणे सांगतात ‘ई अँड टीसी घे’, आणि बेळगावच्या कॉलेजांच्या यादीत ते नाव शोधून सापडत नाही. महाराष्ट्रात जिला ई अँड टीसी म्हणतात, तीच शाखा कर्नाटकात इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, म्हणजे ईसी. खरा घोळ तिच्या शेजारी असतो. इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे ट्रिपल ई, हिच्याही नावात ‘इलेक्ट्रॉनिक्स’ आहे. त्यामुळे निपाणी-खानापूरकडची बरीच मुलं ऑप्शन एंट्रीत (प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना) दोन्ही शाखा एकच समजून खालीवर टाकतात.

पहिल्या वर्षात फारसा फरक कळत नाही. गणित तेच, पुढे नेटवर्क, सिग्नल्स, कंट्रोल, मायक्रोकंट्रोलर हे विषयही दोघांना असतात. वाटा फुटतात त्या लॅबमध्ये.

ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारं सर्किट, दोघंही जोडतात: १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोड, कपॅसिटर. १२ हा आरएमएस (एसीचा परिणामी) आकडा, लाटेचं शिखर १७ व्होल्टच्या आसपास. दोन डायोडचे १.४ गेले की कपॅसिटरवर साधारण १५.६ उरतात. इथे १६ व्होल्टचा कपॅसिटर लावला, तर भार नसताना आणि लाइनचं व्होल्टेज चढलेलं असताना तो फुगतो. २५ व्होल्टचाच घ्या.

ईसीवाला इथून सिग्नलच्या मागे लागतो. पुढे ७८१२ (स्थिर १२ व्होल्ट देणारी रेग्युलेटर आयसी) लावून १०० मिलिअँपिअर घेतले तर १००० मायक्रोफॅरडवर रिपल, म्हणजे डीसीतला चढउतार, साधारण १ व्होल्ट, काम निभतं. ५०० घेतले की रिपल ५ व्होल्टवर जातो. ७८१२ ला आत किमान १४ व्होल्ट लागतात, ते दर अर्ध्या सायकलला कमी पडतात आणि पुढे जोडलेल्या स्पीकरमधून घरघर येते. आयसी बदलून काही होत नाही. कपॅसिटर ४७०० चा लागतो. पुढची दोन वर्षं अशीच: फिल्टर, डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग), व्हेरिलॉग (चिपचं सर्किट लिहायची भाषा), व्हीएलएसआय (चिप-डिझाइन), अँटेना.

ट्रिपल ईवाला डायोड काढून एससीआर (हव्या क्षणी चालू करता येणारा डायोड) बसवतो आणि थेट २३० व्होल्टवर दिवा मंद-प्रखर करतो. फायरिंग अँगल, म्हणजे लाटेत एससीआर चालू करायचा क्षण, ९० अंश केला की दिव्यावरचं सरासरी व्होल्टेज निम्मं. या लॅबमधली ठरलेली चूक म्हणजे सीआरओच्या (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या) प्रोबची मगर-क्लिप सर्किटमध्ये कुठेही अडकवणं. ती क्लिप आतून अर्थला जोडलेली असते, लाइनला लागली की ठिणगी आणि एमसीबी खाली. त्यावर काही जण सीआरओच्या प्लगची अर्थ-पिनच काढून टाकतात! मग सीआरओच्या अख्ख्या बॉडीत करंट उतरतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरेन्शियल प्रोब हाच उपाय. बाकी ट्रान्सफॉर्मरच्या ओपन-शॉर्ट टेस्ट, इंडक्शन मोटर, स्विचगिअर, पॉवर सिस्टिम हे ओघानं येतंच.

‘इलेक्ट्रिकल म्हणजे वायरमन’ हे गावातलं मत मनावर घेऊ नका. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टी, मोटरचे ड्राइव्ह आणि सबस्टेशन सांभाळायला ट्रिपल ईच हवा. हेस्कॉम, केपीटीसीएल या सरकारी वीज कंपन्यांकडे डोळा असेल तरी तीच वाट. ईसीची चिप-डिझाइनची कामं बेळगावात थोडी, मुख्यतः बेंगळुरूकडे, म्हणजे घर सोडायची तयारी हवी. एम्बेडेड (यंत्रातले छोटे संगणक) आणि पीएलसीत (कारखान्यातली यंत्रं चालवणारे कंट्रोलर) दोघंही शिरतात. गेटचे (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचे) पेपर मात्र वेगळे आहेत, ईसी आणि ईई.

ऑप्शन भरण्याआधी व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) संकेतस्थळावरून दोन्ही शाखांची पाचव्या-सहाव्या सेमिस्टरची योजना काढा आणि फक्त लॅबची नावं वाचा. कॉलेज स्वायत्त असेल तर योजना त्या कॉलेजची पाहा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांपैकी तुमचं गाव असेल आणि मातृभाषा मराठी असेल, तर महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेतही तुमच्यासाठी वेगळा प्रवर्ग आहे. तिथे अर्ज करताना ईसीसाठी ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन’ आणि ट्रिपल ईसाठी बहुतेक ठिकाणी नुसतं ‘इलेक्ट्रिकल’ शोधा.