डकोटाचे डेकल: स्क्रीन प्रिंट घ्यावेत की लेझर?

डीसी-३ हे जुनं प्रवासी विमान, म्हणजे आपली डकोटा. तिच्या १/७२ किंवा १/१४४ प्रमाणातल्या मॉडेलसाठी डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं-अक्षरं) शोधायला बसलं, की दोन प्रकारचे संच समोर येतात: स्क्रीन प्रिंट आणि लेझर. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. दोन्ही पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे असतात. खरा फरक शाईत आहे आणि डकोटावर तो लगेच उघडा पडतो.

स्क्रीन प्रिंटमध्ये प्रत्येक रंगाची जाळी वेगळी आणि शाई आधीच मिसळलेली, दाट. पांढरा आणि सोनेरीसुद्धा खऱ्या शाईचे. नेहमीच्या लेझर प्रिंटरमध्ये मात्र निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चारच टोनर असतात. पांढरा नसतोच, त्यामुळे रंगाखालचा पृष्ठभाग थोडाफार आरपार दिसतो.

आता डकोटाची रंगसंगती बघा. १९५०च्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी केबिन उन्हात कमी तापावी म्हणून छत पांढरं रंगवलं आणि खालचं अंग उघडं अ‍ॅल्युमिनियमच ठेवलं. खिडक्यांच्या ओळीतला रंगीत पट्टा अनेकदा या दोन्हींच्या सीमेवरच असतो. लेझरचा लाल पट्टा तिथे लावला, की पांढऱ्यावर तो लाल दिसतो, चंदेरीवर मळकट विटकरी होतो आणि मधली सांध्याची रेष पट्ट्यातून स्पष्ट उमटते. वरून कितीही वार्निश मारा, ती जात नाही. पूर्ण पांढऱ्या विमानावर हाच पट्टा बिनघोर लावावा.

संच हातात असेल तर दहापट भिंगातून एखादा फिका रंग बघा. लेझरमध्ये तो ठिपक्यांचा बनलेला दिसतो, स्क्रीन प्रिंटमध्ये सलग. मग कागद उजेडात तिरका धरा. स्क्रीन प्रिंटमध्ये चकचकीत फिल्म बहुधा प्रत्येक अक्षराच्या कडेलगत संपते, तर लेझरमध्ये ती साधारणपणे अख्ख्या कागदावर पसरलेली असते. म्हणून लेझरचं प्रत्येक चिन्ह अगदी कडेने, नव्या ब्लेडने कापावं लागतं.

तरी लेझरला कमी लेखणं मला पटत नाही. काळी नोंदणी-अक्षरं त्यात उत्तम येतात. छटा बदलत जाणारी बोधचिन्हं तर स्क्रीनपेक्षा सहज जमतात. शिवाय प्रत्येक रंगाची जाळी बनवायचा खर्च नसल्याने थोड्याच प्रती काढणंही परवडतं. १९५३च्या राष्ट्रीयीकरणात इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झालेल्या डेक्कन एअरवेज किंवा कलिंगा एअरलाइन्ससारख्या छोट्या कंपन्यांच्या डकोटा बनवायच्या, तर ही सोय मोलाची आहे.

निवड असेल तर चंदेरी डकोटासाठी मी स्क्रीन प्रिंटच घेईन. लेझरच मिळत असेल तर आधी संचाची साध्या कागदावर झेरॉक्स काढा, पट्टा कापून मॉडेलवर धरा आणि त्याची जागा पेन्सिलने हलकेच आखा. तेवढ्या जागेत मास्किंग टेप लावून पट्ट्यापेक्षा केसभर अरुंद पांढरी पट्टी रंगवा. ती पूर्ण वाळली की वर ग्लॉस वार्निशचा हात द्या, म्हणजे फिल्मखाली हवा अडकून चंदेरी डाग पडत नाहीत. मगच डेकल पाण्यात टाका.