ड्रॉ कसा पडतो आणि अपसेट कुठून येतो

ग्रँड स्लॅम सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, जाहीर होतो आणि टेनिसवेड्यांची स्पर्धा तिथूनच सुरू होते. एकाखाली एक १२८ नावं. पहिली नजर आपल्या लाडक्या खेळाडूकडे, दुसरी त्याच्या शेजारच्या नावाकडे. मग बोट पुढे सरकतं: तिसऱ्या फेरीत हा येणार, उपांत्यपूर्व फेरीत तो, आणि उपांत्य फेरीत नेमकी नको त्याच्याशी गाठ. अजून एक सर्व्हिसही पडलेली नसते, पण ‘ड्रॉ अवघड पडलाय’, ‘त्याला बघ, रान मोकळं मिळालंय’ अशी भांडणं जुंपलेली असतात.

ही भांडणं फार जुनी आहेत आणि मला ती रास्तही वाटतात. कारण ड्रॉ हा निव्वळ नशिबाचा खेळ कधीच राहिला नाही. त्यात किती नशीब ठेवायचं आणि किती काढून टाकायचं, हे माणसांनी वेळोवेळी वाद घालून ठरवलं आहे.

विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली. खेळाडू २२. पहिल्या फेरीनंतर उरले ११, एकाला पुढे चाल (सामना न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) देऊन ६, त्यानंतर ३. आता तिघांची उपांत्य फेरी खेळवायची कशी? विल्यम मार्शलला पुढे चाल मिळाली आणि तो रॅकेट न उचलताच अंतिम फेरीत पोचला. दुसऱ्या बाजूने स्पेन्सर गोर सामना जिंकून आला आणि त्याने मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असं सहज हरवलं. उपविजेता म्हणून मार्शलचं नाव नोंदीत आहे, पण तो खरोखर दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू होता का, हा प्रश्न तेव्हाही पडण्यासारखाच होता.

तो नेमका पडला एका गणितज्ञाला. ऑक्सफर्डचे चार्ल्स डॉजसन, म्हणजे लुईस कॅरल या नावाने मुलांसाठी लिहिणारे, यांनी १८८३ मध्ये टेनिस स्पर्धांच्या बक्षिसांवर एक पुस्तिका काढली. मुद्दा सरळ होता. ३२ खेळाडूंची बाद पद्धतीची स्पर्धा धरा आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लावा. सर्वोत्तम खेळाडू जिंकेल, ठीक. पण दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू त्याच्याच अर्ध्या भागात आला, तर तो पहिल्याच दिवशी घरी जाऊ शकतो. तो दुसऱ्या अर्ध्या भागात असण्याची शक्यता ३१ पैकी १६, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त. डॉजसन यांनी सुचवलेली पद्धत कुणी उचलली नाही, पण दुखण्यावर बोट त्यांनी अचूक ठेवलं होतं.

त्यावरचा उपाय यायला चाळीस वर्षं गेली. तोवर विम्बल्डनमध्ये गतविजेता थेट अंतिम सामना खेळायचा आणि बाकीचे त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी झगडायचे. ही चॅलेंज राउंड १९२२ मध्ये बंद झाली. १९२४ मध्ये मानांकनाचा अर्धामुर्धा प्रयोग झाला आणि १९२७ पासून पूर्ण मानांकन लागू झालं. मूळ इंग्रजी शब्द ‘सीड’, म्हणजे बी. तगडे खेळाडू ड्रॉमध्ये अंतर राखून पेरायचे, एकाच वाफ्यात दाटी होऊ द्यायची नाही. आपल्या ‘मानांकन’ या शब्दात मान आला, पेरणी राहून गेली. खरं तर पद्धतीचा सगळा अर्थ त्या पेरणीतच आहे.

आणि पहिल्याच वर्षी काय घडलं पाहा. १९२७ चे पुरुषांचे मानांकित पहिले चार: रेने लाकोस्त, बिल टिल्डन, जाँ बोरोत्रा, आँरी कोशे. चौथा मानांकित कोशे उपांत्यपूर्व सामन्यात पहिले दोन सेट हरला आणि जिंकला. उपांत्य फेरीत टिल्डनसमोर दोन सेटनी मागे, तिसऱ्यात १-५. तिथून उठून जिंकला. अंतिम सामन्यातही बोरोत्राविरुद्ध पहिले दोन सेट गेले. पाचव्या सेटमध्ये सहा मॅच पॉइंट वाचवून त्याने ४-६, ४-६, ६-३, ६-४, ७-५ अशी बाजी मारली. क्रम लावणाऱ्यांचं काम चुकलं होतं असं नाही, अंतिम चौघांतली नावं तगडीच होती. पण कागदावरचा क्रम कोर्टवर किती टिकतो, हे त्या पंधरवड्यात सगळ्यांना दिसलं.

क्रम लावायचा कुणी, हा पुढचा वाद. बराच काळ ते आयोजकांच्या समितीच्या हातात होतं. ऑगस्ट १९७३ मध्ये पुरुषांची संगणकीय क्रमवारी आली (पहिला अव्वल खेळाडू रुमानियाचा इली नस्तासे) आणि १९७५ मध्ये महिलांची. तरीही आयोजकांनी अधिकार सोडला नाही. १९९६ च्या अमेरिकन ओपनमध्ये याचा कडेलोट झाला. क्रमवारीत आठवा असलेल्या आंद्रे अगासीला सहावं मानांकन मिळालं, चौथ्या क्रमांकाच्या येवगेनी काफेल्निकोव्हला सातवं. त्यातून मानांकनं जाहीर करण्याआधीच बिगरमानांकितांची नावं ड्रॉमध्ये टाकून झाली होती. कोण कुठे पडलंय हे बघून मानांकन ठरवलं, असा संशय यायला एवढं पुरेसं होतं. खेळाडू भडकले आणि पुरुषांचा ड्रॉ पुन्हा काढावा लागला. काफेल्निकोव्ह स्पर्धेतून बाहेर पडला.

चार वर्षांनी विम्बल्डनची पाळी आली. गवतावर क्ले कोर्टचे खेळाडू चालत नाहीत म्हणून त्यांना क्रमवारीपेक्षा खाली ढकललं जायचं. २००० मध्ये स्पेनचे अलेक्स कोरेचा आणि आल्बर्ट कोस्टा यांनी याच कारणासाठी माघार घेतली. तोडगा २००१ मध्ये निघाला: मानांकनं १६ वरून ३२. पुढच्या वर्षी विम्बल्डनने पुरुषांसाठी गवतावरच्या कामगिरीला जादा वजन देणारं ठरावीक सूत्र आणलं. ते २०१९ पर्यंत चाललं आणि २०२१ पासून तिथेही सरळ क्रमवारी आली.

सोळाचे बत्तीस झाल्याने जो फरक पडला तो रोजच्या चर्चेत फारसा येत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. आधी क्रमवारीत सतरावा असलेला खेळाडू पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडूसमोर उभा राहू शकत होता. आता पहिल्या ३२ पैकी कुणीही दुसऱ्या कुणाशी तिसऱ्या फेरीआधी भिडत नाही. म्हणजे बड्या खेळाडूंना दोन फेऱ्यांचं कुंपण मिळालं. पण गंमत अशी की त्याच २००१ सालचं विम्बल्डन जिंकलं गोरान इव्हानिसेविचने. क्रमवारीत १२५ वा, बिगरमानांकित आणि वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी आपल्या मर्जीने दिलेल्या प्रवेशावर, आलेला!

कुंपण असूनही धक्के बसतात, म्हणजे अपसेट होतात, कारण क्रमवारी फक्त एवढंच सांगते की वर्षभरात कोण किती जिंकला. कोण कुणाला जड जातो, हे ती सांगत नाही. चाहत्यांच्या चर्चेत ‘मॅचअप’ हा शब्द सारखा येतो तो यासाठी. राफेल नदालचा वळण दिलेला फोरहँड खांद्याच्या उंचीवर उसळायचा आणि रॉजर फेडररचा एकहाती बॅकहँड तिथेच अडकायचा. दोघांच्या ४० लढतींत नदालने २४ जिंकल्या. आता निकोलाय दाविदेन्को घ्या. तो चेंडू उसळी पूर्ण व्हायच्या आतच घ्यायचा. त्याची नदालविरुद्धची नोंद ६-५, दाविदेन्कोच्या बाजूने.

रॉबिन सॉडरलिंगचंही तसंच. ३१ मे २००९, पॅरिसची फ्रेंच ओपन, चौथी फेरी. नदाल तिथे तोवर ३१ सामने खेळला होता आणि एकही हरला नव्हता. काही आठवड्यांपूर्वीच रोममध्ये त्याने सॉडरलिंगला ६-१, ६-० असं उडवलं होतं. तेविसावं मानांकन असलेल्या त्या उंच स्वीडिश खेळाडूने त्या दिवशी खांद्याजवळ आलेला चेंडू मागे न सरकता सपाट मारला, पुन्हा पुन्हा, आणि ६-२, ६-७, ६-४, ७-६ असा जिंकला. त्या निकालाला फ्लूक म्हणणं मला पटत नाही. डाव रोममध्येही तोच होता, तो बसला पॅरिसमध्ये.

दुसरं कारण म्हणजे पहिल्या आठवड्यात छोट्या खेळाडूची तयारी कधी कधी मोठ्यापेक्षा जास्त झालेली असते. पात्रता फेरीतून आलेला तीन सामने जिंकून आलेला असतो, कोर्टची उसळी त्याच्या अंगवळणी पडलेली असते. २००३ च्या विम्बल्डनमध्ये गतविजेत्या लेटन ह्युइटसमोर पहिल्याच फेरीत असाच एक खेळाडू आला: इवो कार्लोविच, क्रमवारी २०३, उंची २११ सेंटीमीटर. पहिला सेट ह्युइटने ६-१ घेतला. मग त्या उंचीवरून पडणारी सर्व्हिस लागू झाली आणि पुढचे तिन्ही सेट कार्लोविचचे. पुरुष गतविजेता तिथे पहिल्या फेरीत हरण्याची ती १९६७ नंतरची पहिलीच वेळ.

हाच कार्लोविच पुण्याच्या प्रेक्षकांनी बालेवाडीत पाहिला आहे. चाळिशी दोन महिन्यांवर असताना, जानेवारी २०१९ मध्ये, तो महाराष्ट्र ओपनच्या अंतिम फेरीत केविन अँडरसनशी खेळला. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले, तिसरा अँडरसनने घेतला. त्याच्या आदल्या वर्षी बालेवाडीत बिगरमानांकित जिल सिमोनने उपांत्य फेरीत मारिन चिलिचला आणि अंतिम फेरीत अँडरसनला हरवून करंडक नेला होता.

एक चित्र मात्र विसरता येत नाही. विम्बल्डन २००२, जुनं दोन नंबरचं कोर्ट, जिथे इतके बडे खेळाडू गारद झाले की त्याला विजेत्यांचं स्मशान म्हणत. सात वेळचा विजेता पीट सॅम्प्रस बाजू बदलताना खुर्चीत बसून पत्नीने लिहिलेली चिठ्ठी वाचतो आहे. समोर जॉर्ज बॅस्टल, क्रमवारी १४५, पात्रता फेरीत हरूनही कुणाच्या तरी माघारीमुळे आत आलेला ‘लकी लूजर’. पाच सेटनंतर सॅम्प्रस दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला. तो संपला, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. सप्टेंबरमध्ये त्याने सतरावा मानांकित म्हणून अमेरिकन ओपन जिंकली.

आपल्याकडच्या चाहत्यांसाठी या सगळ्यात एक तारीख जवळची आहे. १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुसऱ्या फेरीत रमेश कृष्णनने गतविजेत्या आणि जगात अव्वल असलेल्या मॅट्स विलँडरला सरळ सेटमध्ये हरवलं. जोर नाही, फक्त हात आणि अंदाज. त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवायला ३५ वर्षं लागली. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नलाच, पात्रता फेरीतून आलेल्या सुमित नागलने ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला ६-४, ६-२, ७-६ असं हरवलं. ड्रॉमधली ती जागा आता नागलची होती. पुढच्या फेरीत समोर मानांकित कुणी नव्हतं, होता वाइल्ड कार्डवर आलेला १८ वर्षांचा शांग जुनचेंग. पहिला सेट नागलने ६-२ घेतला, पुढचे तीन शांगने.