अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणे

अक्षरांवरून शब्द शोधणे म्हणजे हातात आलेली इंग्रजी अक्षरं, सगळी नाहीतर त्यातली थोडी, कधी कुठंही तर कधी ठरलेल्या जागीच बसवून डिक्शनरीत सापडेल असा शब्द काढणे. स्क्रॅबल, क्रॉसवर्ड, हँगमन, वर्डल, सगळ्याच्या मुळाशी हेच काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात पोरं वहीच्या मागच्या पानावर काऊज अँड बुल्स खेळतेत तो पण यातलाच प्रकार. एकानं चार अक्षरी शब्द मनात धरायचा, दुसऱ्यानं एकेक शब्द सांगत जायचं, अक्षर आहे पण जागा चुकली तर काऊ, जागेसकट बरोबर तर बुल. खानापूर-बेळगाव रोज ये-जा करणाऱ्या कॉलेजच्या पोरांना याला कागदसुद्धा लागत नाही.

या भागात शब्द येत नाहीत अशातला भाग नाही, अडचण जास्त लिपीची आहे. मराठी घ्या नाहीतर कन्नड, दोन्हीत व्यंजन स्वराला चिकटूनच येतंय, त्यामुळं गॅम्बल म्हटलं की डोक्यात तीन तुकडे पडतेत आणि इंग्रजीत ती सहा सुटी अक्षरं असतेत, त्यात शेवटचा ई तर ऐकूच येत नाही. क चा आवाज कधी सी, कधी के, कधी सीके, कधी सीएच, कधी क्यू. म्हणून कानानं शोधणारा अडकतो आणि डोळ्यानं शोधणारा पुढं जातो, मग त्याचं इंग्रजी बोलणं यथातथा असलं तरी.

उदाहरण आपल्याच गावाचं घेऊ. बेळगावच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगात बी, ई, एल, जी, ए, यू, एम अशी सात अक्षरं, एकही दोनदा नाही. सात वेगळी अक्षरं 5040 प्रकारे रांगेत लागतेत, ते सगळे कोण तपासत बसणार. त्यापेक्षा इंग्रजीत कुठली अक्षरं शेजारी राहतेत ते बघायचं. एल आणि ई शेवटी ठेवले, त्याआधी बी नाहीतर जी लावला की गेबल, अँबल, ब्यूगल पटापट निघतेत, आणि एमबी ही जोडी सापडली की सहा अक्षरांचा गॅम्बल. बेगम, अल्बम, बल्ज, बेगल पण त्यातच आहेत, आणि बेलुगा म्हणजे तो पांढरा देवमासा, तो पण सहा अक्षरी. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी स्पेलिंग बेळगावी झालं, त्यात यू आणि एम गेले, व्ही आणि आय आले, ए दोनदा झाला. मग गॅव्हल, अगावे, व्हायेबल, आणि गेव्हियल म्हणजे आपली घडियाल मगर. व्ही मात्र त्रासदायक अक्षर, इंग्रजी शब्दाच्या शेवटी तो क्वचितच येतोय, मागं ई लागतोच, आणि स्क्रॅबलच्या डिक्शनरीत व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही. गावाचं नाव स्वतः मात्र स्क्रॅबलमध्ये चालत नाही, जुनं पण नाही आणि नवं पण नाही, विशेषनाम ना.

स्क्रॅबल काढला आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टनं, 1930 च्या दशकातल्या मंदीत काम गेल्यावर. कुठलं अक्षर किती वेळा येतंय ते त्यानं वर्तमानपत्राच्या पानावर मोजलं आणि त्यावरून टाइल, म्हणजे अक्षर छापलेले चौकोनी तुकडे, किती आणि कुठले ते ठरवलं. एकूण 100 टाइल, त्यात ई 12, क्यू आणि झेड एकेकच पण 10 पॉइंटचे, दोन कोऱ्या म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या, आणि एस मुद्दाम चारच, नाहीतर जो तो शेवटी एस लावून सुटला असता. स्क्रॅबल हे नाव 1948 मध्ये जेम्स ब्रुनो यांनी दिलं. हातातल्या सातही टाइल एका दमात लावल्या तर 50 पॉइंट जादा मिळतेत, म्हणून मुरलेले खेळाडू आधी आयएनजी, ईडी, ईआर अशी शेपटं बाजूला काढून ठेवतेत आणि उरलेल्या अक्षरांकडे बघतेत.

क्यू आला आणि यू नाही, तर बरेच जण टाइल बदलायला जातेत, पण आपल्याकडं तशी गरज नाही. फकीर, तलाक, निकाब हे तिन्ही क्यू घेऊन स्क्रॅबलच्या डिक्शनरीत बसलेत, आणि क्यू-आय हा दोन अक्षरांचा शब्द तर 11 पॉइंट देऊन जातोय. नातेवाईक पण चालतेत बरं का, फक्त अर्थ वेगळा: काका म्हणजे न्यूझीलंडचा पोपट, दादा ही कलेतली एक चळवळ, बाबा हा केक.

कॉम्प्युटर हे काम वेगळ्या पद्धतीनं करतो. प्रत्येक शब्दाची अक्षरं ए टू झेड क्रमानं लावून ठेवतो, मग लिसन आणि सायलेंट दोन्हीचं ई-आय-एल-एन-एस-टी असं एकच कुलूप तयार होतंय, तुमची अक्षरं त्याच क्रमात लावली की किल्ली बसली. सगळे शब्द एकमेकांत गुंतवलेल्या जाळ्यासारखे साठवून बोर्डावरची चाल झटक्यात शोधायची पद्धत अपेल आणि जेकबसन यांनी 1988 मध्ये मांडली. वर्ड फाइंडर म्हणजे अक्षरं टाकली की शब्द काढून देणारा प्रोग्राम, त्यात माहीत नसलेल्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं असतंय, क्रॉसवर्डला तेवढं पुरतं. डाव चालू असताना फाइंडर उघडणं म्हणजे सरळ चीटिंग, डाव संपल्यावर आपलं काय सुटलं ते बघणं हा अभ्यास, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

ऑनलाइन स्क्रॅबलचं वेड पसरवण्यात कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांच्या स्क्रॅब्युलसचा मोठा वाटा, 2008 मध्ये मात्र कायद्याच्या भानगडीमुळं अमेरिकेत आणि कॅनडात फेसबुकवर तो बंद पडला. नंतर जोश वॉर्डल यांचा वर्डल आला, 2021 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं घेतला. पाच अक्षरांचा शब्द सहा संधीत ओळखायचा, अक्षर जागेसकट बरोबर तर चौकोन हिरवा, आहे पण जागा चुकली तर पिवळा, नाहीच तर करडा. यात नसलेलं अक्षर पण कामाचं, कारण करड्या चौकोनानं अर्धी डिक्शनरी बाद होते, म्हणून पहिल्या शब्दात ई, ए, आर, टी, एस असली जास्त येणारी अक्षरं घालायची. आपल्याकडच्या शाळांत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतेत, तिथं एक खड्डा आहे: फेब्रुवारी 2022 मध्ये ह्युमर हे उत्तर आलं ते शेवटी ओ-आर घेऊन, आपण ओ-यू-आर लिहिणारे, सहा अक्षरं पाच चौकोनांत बसणार कशी. तेव्हा शेवटचं अक्षर आर हिरवं झालं की त्याआधी नुसता ओ लावून पण बघायचं.