झडपेवरील कॅल्शियम काढणे

हृदयाची झडप बदलताना जुन्या झडपेत आणि ती जिथे बसलेली असते त्या कड्यात साचलेले कॅल्शियम काढून नव्या झडपेसाठी जागा करण्याची क्रिया. डॉक्टर तिला डीकॅल्सिफिकेशन म्हणतात. घरच्यांना ‘झडपेला चुना धरलाय’ म्हटले की चटकन उमगते, पण त्याच शब्दाने घोटाळाही होतो. मराठवाड्यात बोअरच्या पाण्याने हंड्याला पांढरा थर धरतो, तसाच क्षार झडपेवर बसला असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. तंबाखूतला चुना किंवा दूध यांमुळेही हे होत नाही. झडपेतल्या पेशीच हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि पाकळ्या आतूनच कडक होतात. वाढते वय, तीनऐवजी दोनच पाकळ्यांची जन्मजात महाधमनी झडप (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी), मूत्रपिंडाचा जुना आजार आणि लहानपणी घसा दुखून आलेला ऱ्हुमॅटिक ताप ही त्याची प्रमुख कारणे.

निरोगी महाधमनी झडप ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडते. ते तोंड १ चौरस सेंटीमीटरपेक्षा लहान झाले की आजार तीव्र समजतात. दम लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे ही लक्षणे सुरू झाल्यावर थांबण्यात शहाणपण नाही.

शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन (हृदय-फुफ्फुसांचे काम तेवढा वेळ करणारे यंत्र) लावून हृदय थांबवतात, महाधमनी उघडतात आणि पाकळ्या कापून काढतात. खरे कसब त्यानंतरचे. कड्यात रुतलेले खडे सर्जन रॉन्जर नावाच्या पकडीने थोडे थोडे चुरडत काढतो. खाली डाव्या जवनिकेत गॉजची पट्टी ठेवतात, सहाय्यक सक्शन धरून असतो आणि शेवटी गार सलाइनने पोकळी पुन्हा पुन्हा धुतात. कण पडलेले हे रक्त मशीनमध्ये परत घेत नाहीत. एवढी काळजी घ्यावी लागते, कारण निसटलेला एक कण मेंदूत गेला तर पक्षाघात होतो, हृदयाच्या स्वतःच्या धमनीत गेला तर झटका येतो.

किती काढायचे, हा सगळ्यांत अवघड निर्णय. कमी काढले तर टाके नीट बसत नाहीत, नव्या झडपेच्या कडेने रक्त गळते किंवा लहान मापाची झडप बसवावी लागते. जास्त ओरबाडले तर कडे फाटते. महाधमनी झडपेच्या उजव्या आणि मागच्या पाकळीच्या सांध्याखालून हृदयाचे ठोके चालवणारा तंतूंचा जुडगा जातो. तो दुखावला तर कायमचा पेसमेकर लागू शकतो. मिट्रल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या) कड्यातले कॅल्शियम त्याहून घातक. तिथे खोल गेल्यास हृदयाची भिंतच फाटते, म्हणून अनुभवी सर्जन काही वेळा ते तसेच ठेवून वरून झडप बसवतात. ही माघार नव्हे, तो योग्य निर्णय असतो.

२००२ साली फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी प्रथम केलेल्या तावी पद्धतीत, म्हणजे छाती न उघडता रक्तवाहिनीतून नळीने झडप बसवताना, कॅल्शियम काढतच नाहीत. नवी झडप ते बाजूला दाबते आणि त्याच्याच आधाराने पक्की बसते.

झडप बदलण्याची शस्त्रक्रिया सरकारी जनआरोग्य योजनेत मोडते; २ जुलै २०१२ रोजी ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातला नांदेड होता. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) नियमित करावी लागते. बीडहून सहा-सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला फडावर ही तपासणी कुठे मिळणार, हे झडप निवडतानाच विचारून घ्यावे.