मक्याला शुद्ध केलेलं सांडपाणी आणि बायोचार: अर्ज करण्याआधी

मक्याला शुद्ध केलेलं सांडपाणी द्यायचं तर परवानगीचा अर्ज कुणी करायचा, हे आधी ठरवा. युरोपीय संघाचा शेतीत सांडपाणी पुन्हा वापरण्याबद्दलचा 2020/741 हा नियम 26 जून 2023 पासून लागू आहे. त्यानुसार परवानगी लागते ती पाणी शुद्ध करून पुरवायला, आणि तिच्यासाठीचा अर्ज शुद्धीकरण केंद्राच्या चालकासारख्या जबाबदार पक्षांकडून जातो; देशाच्या कायद्यात तसं असेल तर त्यात अंतिम वापरकर्ताही येतो. शेतकरी हा अंतिम वापरकर्ता. तरीही अर्ज ज्या जोखीम व्यवस्थापन आराखड्यावर उभा असतो, त्यात पाणी कुठे आणि कसं वापरणार हे येतंच. म्हणून क्षेत्र, पीक आणि सिंचनाची पद्धत शेतकऱ्याने आपणहून लेखी कळवावी.

पात्रता ठरते ती पाण्याच्या वर्गावरून. जनावरांच्या चाऱ्यासाठी किंवा प्रक्रिया उद्योगासाठी मका असेल आणि पाणी ठिबकने देणार असाल, तर ‘क’ वर्गाचं पाणी चालतं: 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) जास्तीत जास्त 1000. तुषार सिंचन असेल तर ‘ब’ वर्ग लागतो आणि मर्यादा 100 वर येते. शिवाय तुषार हवेत उडत असतील तर लिजिओनेला या फुप्फुसाचा आजार करणाऱ्या जिवाणूची तपासणीही येते. चाऱ्याच्या मक्याला आणखी एक अट आहे: लिटरभर पाण्यात आतड्यातल्या जंतांचं एकापेक्षा जास्त अंडं नको.

कागदपत्रांत सांडपाणी केंद्रात येतं तिथपासून शेतापर्यंतच्या साखळीचं वर्णन, कोणत्या टप्प्याची जबाबदारी कुणाची, पाण्याचे तपासणी अहवाल आणि बिघाड झाल्यास काय करणार याची योजना लागते.

वर्ग मिळाला म्हणजे पाणी मक्याला मानवेलच असं नाही. क्षार वेगळे तपासा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) मार्गदर्शनानुसार पाण्याची विद्युतवाहकता (क्षार जास्त तितकी ती जास्त) मीटरला 1.1 डेसिसिमेन्सपर्यंत असेल तर उत्पादन घटत नाही, 1.7 ला साधारण 10 टक्के घट धरतात. नत्राचा हिशेबही मांडा. लिटरला 20 मिलिग्रॅम नत्र असलेलं 1000 घनमीटर पाणी दिलं, तर शेतात 20 किलो नत्र आलेलं असतं. तेवढं खत कमी करायलाच हवं.

बायोचार म्हणजे सेंद्रिय पदार्थ कमी हवेत तापवून केलेला, मातीत मिसळायचा कोळसा. त्याचे कागद वेगळे. युरोपीय संघाच्या खत नियमाखाली तो विकायचा तर हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बनचं गुणोत्तर 0.7 पेक्षा कमी आणि बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन (अर्धवट जळताना तयार होणारी घातक संयुगं) किलोला 6 मिलिग्रॅमच्या आत लागतात. सांडपाण्याच्या गाळापासून केलेला बायोचार या गटात बसत नाही. विक्रेत्याकडून याच मोजमापांचा अहवाल घ्या आणि सोबत स्वतःच्या मातीचा सामू पाहा. बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे आधीच चढ्या सामूच्या जमिनीत तो जपून वापरावा. बायोचार पाण्यातले जंतू मारतो असं समजून शुद्धीकरणात सूट मागू नका. वर्ग पाण्याच्या तपासणीवरच ठरतो.

परवानगीनंतर ‘ब’ वर्गाच्या पाण्यात ई. कोलाय आठवड्यातून एकदा, ‘क’ वर्गात महिन्यातून दोनदा तपासतात. ठिबक काढून तुषार बसवायचा विचार असेल तर पाइप टाकण्याआधी केंद्राला कळवा, कारण मग पाण्याचा वर्गच बदलावा लागतो.