गर्भारपणातील मद्यपान आणि अपत्य

गर्भवतीने घेतलेली दारू वारेतून थेट गर्भाच्या रक्तात उतरते. ती पचवण्याइतके गर्भाचे यकृत तयार नसते, आणि गर्भजलातही ती रेंगाळते. आईची नशा उतरल्यावरही बाळाच्या अंगात दारू राहते. फ्रान्समध्ये पॉल लेमोआन यांनी १९६८ साली दारू पिणाऱ्या आईवडिलांच्या १२७ मुलांची निरीक्षणे मांडली. १९७३ मध्ये सिअॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी गर्भात दारूची बाधा होऊन जडणाऱ्या या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले.

ठळक प्रकारात बाळ वजनाला व उंचीला कमी भरते, डोक्याचा घेर लहान राहतो, डोळ्यांच्या फटी आखूड असतात, वरचा ओठ पातळ असतो आणि नाक व ओठ यांमधली पन्हळ जवळजवळ सपाट दिसते. पण बहुतेक बाधित मुलांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो. अडचण पुढे वर्तनात कळते: लक्ष टिकत नाही, सांगितलेले लगेच विसरते, हिशेब जमत नाही, रागाला आवर राहत नाही, कालच्या चुकीतून आज शहाणपण येत नाही. अशा मुलाला ‘द्वाड’ किंवा ‘मठ्ठ’ म्हणून मार बसतो, हे सगळ्यात वाईट. अंगणवाडीच्या तक्त्यावर फक्त वजनाची नोंद होते, वर्तनातली ही अडचण त्यात दिसत नाही.

सोलापुरात गर्भवतीला दारूबद्दल विचारणे अवघड जाते. दारू हा पुरुषांचा विषय मानला जातो. पिणारी बाई बदनामीच्या भीतीने बोलत नाही. विडी वळणाऱ्या घरांत तंबाखूशी रोजचा संबंध असतो आणि कष्टकरी घरांत अपुरा आहारही; दोन्हींमुळे बाळाचे वजन घटू शकते, म्हणून केवळ वजनावरून दारूला दोष देता येत नाही. जिल्ह्यात हातभट्टीचा प्रश्न जुना आहे. ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू करून दारू गाळणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या धंद्याकडे वळवले. शिंदी असो, बिअर असो की हातभट्टी, गर्भाला बाधणारे मद्यार्क एकच. हातभट्टीत मिथेनॉल या विषारी रसायनाच्या बाधेचा धोका शिवाय असतो.

गर्भारपणात दारूचे सुरक्षित प्रमाण ठरलेले नाही. मेंदू नवव्या महिन्यापर्यंत वाढतो, त्यामुळे कोणत्याही महिन्यात सोडली तरी उपयोग होतो. मात्र रोज भरपूर पिणारीने एकाएकी बंद करू नये, आकडी येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीत व्हावे. झालेली हानी औषधाने भरून येत नाही, पण लवकर ओळखलेल्या मुलाला ठरलेली दिनचर्या, एका वेळी एकच सूचना आणि न रागावणारे शिक्षक मिळाले तर शाळा निभावते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांच्या विकासातील विलंबाचीही तपासणी होते. तिथे गर्भारपणातील दारूचा उल्लेख पालकांनी बिनधास्त करावा.