ऊन जितकं कडक, तितकी सोलरची वीज जास्त?

‘नागपूरचा मे महिना म्हणजे सोलरची दिवाळी, पारा चढला की वीजही चढते’ असा मेसेज दरवर्षी फिरतो. ग्रामपंचायतीच्या छतावर किंवा नळयोजनेच्या पंपासाठी पॅनल बसवताना हिशोबही अनेकदा याच समजुतीवर होतो. समज स्वाभाविक आहे. ऊन आणि ताप आपण एकत्रच अनुभवतो.

पॅनल मात्र वीज करतं ती प्रकाशापासून. ताप त्याला बाधतो. पॅनलची क्षमता मोजतात ती सेलचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्यांचं, तापमान 25 अंश धरून. बाहेर 45 अंश असताना उन्हातलं सेल सहज 65 अंशांवर जातं. 25 अंशांपुढच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. म्हणजे 40 अंशांच्या फरकाला सुमारे 14 टक्के. 10 किलोवॅटचा संच भर दुपारी साडेआठ किलोवॅटच्या आसपास अडकतो, आणि धूळ साचली तर आणखी खाली.

मग मे वाईट का? तसंही नाही. दिवस मोठा, आकाश मोकळं, त्यामुळे महिन्याची एकूण वीज चांगलीच येते. खरी घट जुलै-ऑगस्टच्या ढगांत.

पडताळणी सोपी आहे. पॅनलच्या मागच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात तापमानामुळे होणारी घट वजा चिन्हासह लिहिलेली असते. इन्व्हर्टरवर फेब्रुवारीतल्या आणि मे महिन्यातल्या निरभ्र दुपारचा आकडा पाहा, पॅनल धुतल्यावरच. पंचायतीच्या संचाची महिनावार युनिटं ग्रामसभेत मागता येतात. नवीन संच घेताना पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल एवढी उंची ठेवायला सांगा.